सर्वांनी डावीकडे पाहण्याबाबत

तक्रारदार: मी, दत्ताराम, जव्हारला कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा.
सामनेवाले: माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, यजमान सुधाकर, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, हौशी छायाचित्रकार.
घटनेचा दिवस: दिवाळीनंतरचा पहिला रविवार. ठिकाण: शिरपामाळ.
साक्षीदार: माझी पत्नी, माझी मुलगी व एक अनोळखी पर्यटक.

तक्रार अशी की, सदर इसम सहलीत कुटुंबातील कोणालाही कॅमेऱ्याकडे पाहू देत नाहीत. ट्रायपॉड रोवतात, आम्हाला रांगेत उभे करतात आणि हुकूम सोडतात, "सगळ्यांनी डावीकडे. आपण डोंगर बघायला आलोय, कॅमेरा बघायला नाही." मग बटण दाबून धावत येतात आणि स्वतःही डावीकडे पाहत उभे राहतात.

डावीकडे डोंगर असेलच असे नाही. दाभोशाला धबधबा उजवीकडे होता. त्या फोटोत आम्ही पाच जण एका उभ्या टेंपोकडे भक्तिभावाने पाहत आहोत. साखरशेतला तर नाचणी कापणारा एक म्हातारा विळा घेऊन बांधावर आला, रांगेच्या टोकाला उभा राहिला आणि आमच्याबरोबर डावीकडे निरखू लागला. म्हणाला, "तठं काय आहं? बिबट्या आला काय?"

"काही नाही बाबा. हलू नका, छान उभे आहात," दाजी म्हणाले. तो म्हातारा आजही आमच्या कौटुंबिक अल्बममध्ये आहे.

माझे शिक्षण आठवीपर्यंत. परंतु माझ्या हातचा अर्ज फोटोपायी परत आलेला नाही. चेहरा समोर, दोन्ही कान स्पष्ट, हे मी पाड्यापाड्यांवरून आलेल्या माणसांना रोज समजावतो. आणि माझ्याच घरच्या फोटोंत नऊ वर्षे माझा डावा कान नाही. याबाबत तोंडी हरकत घेतली असता दाजी म्हणाले, "दत्ता, डावा काही वेगळा आहे का? उजव्यावरून समजून घेतील लोक."

यंदा मात्र प्रकरण गंभीर होते. मुलीचे लग्न ठरले आहे, ती नाशिकला जाणार. तत्पूर्वी सर्वांचा समोरून काढलेला एक फोटो पुढच्या खोलीत लागावा, एवढीच माझी मागणी होती. तरी शिरपामाळला दाजींनी पुन्हा "डावीकडे" म्हटले. मी रांग सोडली, वाटेने जाणाऱ्या एका पर्यटकाच्या हाती माझा मोबाइल दिला आणि जाहीर केले, "आता सर्वांनी समोर पाहायचे."

"तुम्ही घ्या काढून, मी पाण्याची बाटली बघते," असे म्हणत आक्का पिशव्यांकडे निघाली.

मी मोठ्याने म्हणालो, "आक्का, इकडे ये. तुझ्या गालाकडे कोण बघतंय एवढं?"

आक्काचा डावा गाल लहानपणी स्टोव्हच्या भडक्याने भाजलेला आहे. कळू लागल्यापासून मी तो पाहतो आहे, म्हणून मला तो दिसत नाही. पर्यटकाने मात्र पाहिला आणि घाईने मान मोबाइलमध्ये घातली.

दाजी माझ्याजवळ आले. रागावले नाहीत, हे मला अधिक लागले. हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या सहलीलाही ती अशीच उठून गेली होती. तिला एकटीला मान वळव म्हटलं असतं, तर तिला लागलं असतं. म्हणून सगळ्यांनाच सांगतो."

मी मोबाइल परत घेतला आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. आक्काही आली. डावीकडे दरी होती. ती आम्ही नीट पाहिली.

सबब मूळ तक्रार मी मागे घेत आहे. भिंतीवर लागेल तो दाजींचाच फोटो. परंतु मी सर्वांसमक्ष जे बोललो, ते तसेच राहिले आहे. दुसऱ्या दिवशी आक्का भाजीचा डबा घेऊन आली, हसली, काही घडलेच नाही अशी बसली. आणि जाता जाता म्हणाली, "लग्नात मी आतलं स्वयंपाकाचं बघेन हो, बाहेर तुम्ही बघा." लग्नातले फोटोवाले समोरून फोटो काढतात, हे तिलाही ठाऊक आहे.

इतरांसाठी माफीचे अर्ज मी पुष्कळ लिहिले. हा लिहायला बसलो, तर 'विषय' एवढे लिहून हात थांबतो. तरी आत्या त्या दिवशी भाचीच्या शेजारी उभी राहील, असे थोरल्या बहिणीला कोणत्या शब्दांत लिहावे, हे जाणकारांनी कृपया कळवावे. उत्तर लग्नापूर्वी मिळावे, ही नम्र विनंती.