जय बिरोबा संघाचं पुढच्या हंगामाचं भाकीत

मी भविष्य सांगत नाही. भविष्य पोपटवाले सांगतात. मी अंदाज वर्तवतो, आणि त्याला आधार असतो. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला माणूस हवेत बोलत नाही, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. साताऱ्याच्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो, आणि चहात साखर किती हे सांगतानासुद्धा 'अंदाजे' हा शब्द वापरायचो.

माझे मामा हंबीरराव सांगलीपासून जवळच कृष्णाकाठच्या एका गावात राहतात. पलटणीतून हवालदार म्हणून परत आले ते गळ्यात शिट्टी आणि डोक्यात फुटबॉल घेऊन. उसाच्या बांधावर वाढलेली पोरं गोळा केली, गावाच्या गायरानावर दोन्ही टोकांना बांबू रोवले आणि 'जय बिरोबा क्रीडा मंडळ' काढलं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात सांगली-साताऱ्याचे सगळे संघ उतरतात ती चषक स्पर्धा ह्या पोरांनी जिंकली!

कुणाला पटेना. जिंकणाऱ्यांना तर अजिबात पटेना. अंतिम सामन्यात आमच्या सयाजी गोलकीपरनं आपल्या गोलातून बॉल हाणला, तो वाऱ्यावर चढला आणि थेट पलीकडच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेला. सयाजी नंतर म्हणाला की त्याला तो बॉल मैदानाबाहेर घालवायचा होता.

मामांच्या आनंदाला मात्र एक काटा होता. सरपंच लालासाहेबांना गायरानावर गुळाचं गोदाम बांधायचं होतं. चषक आल्यावर त्यांनी मोठेपणा दाखवला. "हंबीरराव, पुढच्या साली बी कप आणा," ते म्हणाले, "मैदान तुमचं. न्हाई आला तर गोदाम." मामांची झोप उडाली. पोरांच्या पायाखालची जमीन जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता.

मी सुट्टीत गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "भाच्या, तू शिकलेला हायस. पुढल्या हंगामात आपलं काय हुईल?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगलीच्या वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली. ह्या स्पर्धेत ध्यानीमनी नसताना जिंकलेल्या संघांचं पुढच्या साली काय झालं ते काढलं. निष्कर्ष साबणासारखा स्वच्छ होता. नशिबाचा वाटा एका वर्षी जास्त पडला की पुढच्या वर्षी तो आपल्या मापावर येतो. सगळे संघ लवकर बाद झाले होते, बहुतेक दुसऱ्या फेरीत. मामांना हे एकांतात आणि हळू आवाजात सांगायला हवं होतं, हे मला आता कळतं.

पण मध्ये बिरोबाची जत्रा आली. जत्रेत देवळापुढच्या कट्ट्यावर घोंगडं अंथरतात, त्यावर बिराप्पा नावाचे वयस्कर धनगर बसतात आणि भाकणूक सांगतात. पाऊस कसा पडेल, पिकं कशी येतील, रोगराई येईल का, हे सगळं देव त्यांच्या तोंडून बोलतो. गाव श्वास रोखून ऐकतं आणि वर्षभर त्या हिशेबानं चालतं. त्या वर्षी बिराप्पांचा घसा बसला होता. पावसाचं कसंबसं सांगून ते खोकत उठले. मामांनी पाहिलं, गाव जमलंय, लाउडस्पीकर चालू आहे. त्यांनी तिथंच चषकाचा सत्कार उरकायचं ठरवलं. कट्ट्यावर खुर्ची नव्हती, म्हणून मला घोंगड्यावर बसवलं. कपाळाला भंडारा सगळ्यांना लावतात तसा मलाही लावला होता. मामांनी स्पीकरवर पुकारलं, "आमचा भाचा बीएस्सी हाय. संघाचं पुढच्या साली काय ते आता त्यो सांगंल."

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जय बिरोबा संघ पुढच्या वर्षी दुसऱ्या फेरीत बाद होण्याची शक्यता शंभरात सत्तर आहे."

मग ढोल वाजला. आकाश पिवळं झालं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर उठला, आणि माझ्या नाकातोंडात इतका भंडारा गेला की पुढची दोन वाक्यं, ज्यांत मी शक्यता म्हणजे काय ते समजावणार होतो, ती शिंकेत वाहून गेली.

घोंगड्यावर बसून, कपाळी भंडारा लावून, जत्रेच्या दिवशी जो पुढच्या सालाचं बोलतो, त्याची भाकणूक होते. एवढी साधी गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात ती नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन खुलासा केला. सत्तर म्हणजे नक्की नव्हे, तीस बाकी राहतात. सयाजीचे वडील नाथाजी समजूतदारपणे म्हणाले, "आवं, पस्तिसाला पास करत्यात. हे तर सत्तर हाय."

मामींच्या सोप्यात रांग लागली. कुणाला विहिरीला पाणी लागेल का विचारायचं होतं, कुणाला पलटणीतल्या मुलाला रजा मिळेल का. एकजण म्हैस घेऊनच आला. पारडी होईल का, म्हणाला. मी म्हटलं, पन्नास टक्के. तो म्हशीकडे बघत म्हणाला, "निम्मीच?"

इथपर्यंत चाललं असतं. पण गाव भाकणूक नुसतं ऐकत नाही, तिच्याप्रमाणे कामाला लागतं. पावसाळा संपून सराव सुरू झाला, तर मैदानावर निम्मीच पोरं. बाकीच्यांचं म्हणणं, दोन मॅचपुरता दम आमच्यात आहे, उगा जास्त पळून काय करायचं? एकानं बूट विकून टाकले. लालासाहेबांनी गोलाच्या मागं विटांचा ढीग आणून टाकला. आणि नाथाजींनी सयाजीचं लग्न ठरवलं. मुहूर्त धरला तो बरोब्बर उपांत्य सामन्याच्या रविवारचा! का, तर तोवर संघ बाद झालेला असणार आणि पोरगं मोकळं असणार.

मामा माझ्याशी बोलेनात. जेवताना मामींना सांगायचे, "त्याला वाढ, पर इच्यारू नको काय." मी शनिवार-रविवार साताऱ्याहून एस.टी.नं यायचो, मैदानाच्या कडेला उभा राहायचो, आणि माझ्याच एका वाक्यानं संघ हळूहळू कसा वाळत चाललाय ते बघायचो. एवढा अचूक प्रयोग मी प्रयोगशाळेत कधी केला नव्हता.

शेवटी मी बिराप्पांना गाठलं. ते माळावर मेंढरांमागं होते. घसा सुधारला होता. मी म्हणालो, माझं बोलणं मागं घेता येईल का?

"मी बोलतो ते देवाचं असतंय," ते म्हणाले. "तुझं कुणाचं हुतं?"

"संख्याशास्त्राचं."

"मग त्यालाच इच्यार जा."

"ते बोलत नाही हो."

"मग तू कशापायी बोललास, गड्या?" असं म्हणून ते मेंढरं वळवायला गेले.

स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना वडूजकडच्या एका संघाशी होता. ते आलेच नाहीत! त्यांच्या भागातही बिरोबाला मानतात. भाकणूक तिकडं पोचली होती. जय बिरोबा दुसऱ्या फेरीत पडणार म्हणजे पहिलीत जिंकणार हे ठरलेलंच, मग एस.टी.चे एवढे धक्के खाऊन हरायला कशाला जायचं, असा त्यांनी विचार केला. आम्हाला पुढे चाल मिळाली. मामांनी सामना नसतानाही शिट्टी वाजवून घेतली.

दुसऱ्या फेरीत खंडाळ्याकडचा संघ होता. ते हलगी, हार आणि गुलाल घेऊनच उतरले. इतकंच नव्हे, तर विजयाचं मटण सांगलीतल्या कुणा पाहुण्याकडे आधीच जेवून आले. शिट्टी झाली आणि त्यांचे दोघे बॅक वळचणीला बसलेल्या मांजरांसारखे जड झाले. एकजण कॉर्नरच्या झेंड्याला धरून उभा होता, तो शेवटपर्यंत तिथंच होता. आमची पोरं तर हरायचंच म्हणून आली होती. त्यांना भीती कसली? ती मोकळेपणानं खेळली, आणि खेळता खेळता त्यांच्या हातून एक गोल झाला.

आम्ही जिंकलो. गावच्या लोकांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते वळून माझ्याकडे बघत होते, जशी काही मीच देवाच्या तोंडून चूक करवली होती. नाथाजी दोन्ही हात डोक्याला लावून बसले. "आता लगीन कवा करायचं?" ते म्हणाले.

मुलगी जतच्या पलीकडची. तिच्या माणसांना कळवलं. त्यांनी अर्ध्या कानडीत अर्ध्या मराठीत जे सुनावलं त्याचा सारांश असा, की मांडव घातला आहे, आचारी आला आहे, आणि बॉलसाठी मुहूर्त हलवणाऱ्या घरात मुलगी द्यावी का याचाच फेरविचार करावा लागेल. नाथाजींनी मुहूर्त तोच ठेवला. लग्न गोरज मुहूर्तावर, सामना चारला. नवरदेव त्या वेळी हळद लावून बसलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नवरीचे भाऊ. राखीव गोलकीपर होता, पण तो सयाजीचा धाकटा भाऊ. तोही मांडवात. भावकीतले आणखी तिघे पंक्तीच्या कामाला. मामांनी मैदानावर माणसं मोजली आणि हळूच माझ्याकडे वळले.

"न्हाई मामा," मी म्हणालो. मी एरवी पुस्तकी बोलतो, पण घाबरलो की असं गावचं बोलतो.

"सयाजीचं लगीन कुणी ठरिवलं?" मामांनी विचारलं. "तू. मग त्याच्या जागी उभा ऱ्हा."

सयाजीची जर्सी मला गुडघ्यापर्यंत आली. गोलात उभं राहिल्यावर कळलं की ती जागा बाहेरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, जवळजवळ गोदामाएवढी. तरी मी डगमगलो नाही. फेकलेल्या वस्तूचा मार्ग कसा वळतो ते मी मुलांना शिकवत होतो. समोरच्या फॉरवर्डचं निरीक्षण केलं. सुरुवातीचे सगळे फटके त्यानं उजवीकडे मारले. म्हणून मी उजवीकडे उभा राहिलो. मग तो डावीकडे मारू लागला. मी डावीकडे सरकलो, तर त्यानं मधून मारला. एक बॉल मी अडवला, तोही तोंडानं, आणि माझ्या इच्छेविरुद्ध. एकूण गोल किती झाले ते संख्याशास्त्राच्या पदवीधराला विचारू नये.

चषक गेला. मामा गोलाच्या खांबाला टेकून गायरानाकडे बघावं तसे त्या परक्या मैदानाकडे बघत राहिले. आम्ही तसेच धुळीच्या पायांनी लग्नाला गेलो. अक्षता पडून गेल्या होत्या. पंक्तीत सगळे खाली मान घालून जेवत होते. मग नाथाजींचा हात मध्येच थांबला.

"पयली फेरी आपून खेळलोच न्हाई," ते सावकाश म्हणाले. "वडूजवालं आलंच न्हाईत. म्हंजी खंडाळ्याची पयली. आन आजची?"

"दुसरी," कुणीतरी म्हणालं.

सगळी पंगत माझ्याकडे वळली. भाकणूक खरी झाली होती! उष्ट्या हातानं लोक उठून माझ्या पाया पडू लागले. नवरदेवही पडला. मी सांगत होतो की अहो, गोलात मीच होतो, गोल मीच सोडले, ज्यानं अंदाज केला त्यानंच निकाल लावला तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. "देवाचं खरं करायला शेवटी माझाच भाचा लागला," एवढं म्हणून मामांनी जिलबी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब आले. मामांना वाटलं, मैदानाचं सांगायला आले. मामींनी चहा ठेवला, पण साखर घालायचं विसरल्या. लालासाहेब मात्र मामांकडे न बघता माझ्यासमोर बसले, टोपी सारखी केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "यंदा गुळाला भाव लय हाय. पुढच्या साली कसा ऱ्हाईल? तुमी सांगा, मगच गोदामाचा पाया काढतो."

मामा दारात उभे होते. मी खोटं बोललो असतो का? देवाशपथ सांगतो, गरज पडली नाही. जे कधी नव्हे ते वर गेलं, ते पुढच्या साली आपल्या मापावर येतं, हेच तर माझं शास्त्र होतं.

"उतरेल," मी म्हणालो. "शंभरात ऐंशी."

"ऐंशी," लालासाहेब पुटपुटले. "म्हंजी डिस्टिंक्शन." चहा न घेताच ते उठले. दुपारपर्यंत विटा त्यांच्या गोठ्याकडे गेल्या. मामा जेवताना माझ्याशी थेट बोलले. भाजी घे म्हणाले.

पुढच्या साली गुळाचा भाव उतरला नाही. तो असा चढला की ज्यांच्याजवळ साठवायला जागा होती त्या सगळ्यांनी घराला मजला चढवला. सांगलीच्या बाजारपेठेत लालासाहेब दिसले. मी नमस्कार केला आणि उरलेल्या वीस टक्क्यांबद्दल समजावून सांगायला पुढं झालो. ते हळदीच्या पोत्यांमागं गेले आणि मी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

मैदान आहे. पोरं खेळतात. यंदाच्या हंगामाचा अंदाज मी काढून ठेवला आहे, आणि ह्या खेपेला आधार फार भक्कम आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.