आबांचा नोंदणीकृत खोकला

उज्ज्वले, तू फक्त ऐक. मधे बोलायचं नाही. चहा गार झाला तरी चालेल, पण ऐक. तू दोन महिने लग्नाच्या नावाखाली गावाला जाऊन बसलीस आणि इकडे नवागाममध्ये सरकार आमच्या खोलीत राहायला आलं. अगं बस ना, त्या पिशव्यांच्या गाठीवरच बस. काही होत नाही तिला. आत काही नाहीच. तेच तर सांगतेय.

प्लेगनंतर सुरत कशी चकाचक झाली, आठवतं ना? रस्ते झाले, गटारी झाल्या, मग साहेब लोकांनी मान वर केली, तर वर आकाश. ते राहूनच गेलं होतं. म्हणून नवं खातं निघालं, धूर-साठवण खातं. उधन्याला आपल्या मिलचं स्वतःचं वीजघर आहे ना, कोळशावरचं, जिथे माझे आबा आणि तुझे पप्पा भट्टीत कोळसा टाकतात? तिथे एक दिवस बोर्ड लागला: ‘धुमाडो रोको, धुमाडो साचवो.’ म्हणजे धूर अडवा आणि जपून ठेवा. धुरात कार्बन असतो म्हणे, तो वर गेला की पृथ्वी तापते. परदेशात तो जमिनीत खोल पुरून टाकतात, मग आपणही पुरायचा.

खात्याचे साहेब म्हणजे जरीवालासाहेब. पांढरा शर्ट, पांढरा रुमाल, आणि इतके सभ्य की भिंतीलाही ‘तमे’, तुम्ही, म्हणतील. त्यांनी मिलच्या मागे खड्डा खणायला लावला. सहा फुटांवर पाणी. दुसरा खणला. पाणी. तापीच्या काठावर दुसरं काय लागणार? साहेबांनी फायलीत शेरा मारला, ‘जमीन सहकार्य करत नाही. सबब साठवण जमिनीवर करावी.’

आता जमिनीवर म्हणजे कुठे? मिलमध्ये कापड, गोदामात कापड. आपले मेताजी, मिलचे हिशेब लिहिणारे, हळूच म्हणाले, ‘साहेब, कामगारांच्या खोल्या आहेत ना.’ झालं! दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर पत्र्याची पाटी, ‘साठवण स्थळ’. आमचा नंबर सात. आणि हुकूम असा, की दिवाळीच्या आत साठा दिसला नाही तर वीजघराला सील. सील म्हणजे आबा घरी. अकरा वर्षं झाली, पण अजून रोजंदारीवरच. उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. मग या खोलीत कोण राहणार, आम्ही की धूर?

धूर भरायचं काम आलं आम्हा बायकांकडे. कारण साडीचं पॅकिंग आपल्या गल्लीसारखं कुणाचं नाही, हे आख्खं मार्केट सांगतं. चिमणीला खालून एक पाइप काढला, पाइपला नळ. नळासमोर आम्ही रांगेत, हातात साडीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाजूला मेणबत्ती. पिशवी नळाला लावायची, फुगली की काढायची, मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं, शंभराची एक गाठ बांधायची. सोपं.

पण उज्ज्वले, साडी पिशवीत घातली की आपला हात आपोआप वरून कसा फिरतो, सर्रकन, हवा बाहेर, आणि मगच तोंड बंद? हसू नकोस. तूच शिकवलंयस मला! ‘हवा राहिली की गाठ फुगते, गाठ फुगली की व्यापारी माल परत पाठवतो.’ दहा वर्षांची सवय गं हाताला. पिशवी धुरानं फुगायची, हात फिरायचा, सर्रकन सपाट, चिकटव, पुढची. रांगेतल्या चौदाच्या चौदा जणी तेच करत होत्या. माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी. मी मायला म्हटलं, ‘माय, धूर तर सगळा आपल्याच तोंडावर येतोय. पिशवीत काय जातंय?’

पण माझी माय, शोभाबाई म्हणजे शोभाबाईच. हात न थांबवता म्हणाली, ‘हर्षे, इतक्या वर्षांत आपला माल कधी परत आला का? मग गप बस.’

साहेब मोजायला आले. त्यांच्या कागदावर एका खोलीत चाळीस पिशव्या मावायच्या होत्या. आमच्या खोलीत चार हजार मावल्या, वर आबांची खाट पण मावली. साहेब बघतच राहिले. त्यांनी गाठीला हात लावला, चौकोनी, ताठ, कोपऱ्याला कोपरा. ‘आटलो बधो धुमाडो? आटली जगामां?’ इतका सगळा धूर, एवढ्याशा जागेत! मेताजी म्हणाले, ‘साहेब, आमच्या बायकांचा हातच तसा आहे.’ लगेच दिल्लीला अहवाल गेला. पद्धतीला नाव पडलं ‘सुरत पद्धत’. दिल्लीनं कळवलं, पाहायला येतो. आणि चिमणीतून येणारा धूर कमी झाला का? त्याला अहवालात रकानाच नव्हता. रकाना साठ्याचा होता, तो भरला.

मग अडचण आली नियमाची. दिल्लीवाले यायच्या आधी साहेबांनी एक पिशवी उघडून आत धूर असल्याची खात्री करायची, असं कलम निघालं. आमच्याच खोलीत उघडली. काही नाही. दुसरी. काही नाही. दहावी उघडली तेव्हा साहेब तिच्यात नाक घालून बसले होते. मेताजींचा चेहरा त्या पिशवीपेक्षा सपाट झाला.

‘मेताजी, साठा नथी,’ साहेब अगदी हळू बोलले. ‘आता मला सील लावावं लागेल.’

आबा रात्रपाळी करून खाटेवर पडले होते. सील शब्द ऐकून उठून बसले, हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खोकला सुटला. तुला माहितीय ना तो, सुरू झाला की गल्लीतली कुत्री उठतात. साहेब सभ्य माणूस, त्यांनी आपला पांढरा रुमाल पुढे केला. आबांनी परत दिला तेव्हा त्याच्यावर काळं.

साहेबांनी रुमाल उजेडात धरला. उलटा केला. वास घेतला. मग त्यांचा चेहरा असा फुलला, जशी काही पोरगी पसंत पडली.

‘साठा छे!’ साठा आहे म्हणे!

मी म्हटलं, ‘साहेब, ते माझे आबा आहेत.’

‘हो बेन, पण नोंद कुठे आहे? विनानोंदणी साठा ठेवणं गुन्हा आहे. घाबरू नका, आत्ता नोंदवून घेऊ.’

आणि तिथेच फॉर्म भरला. साठवण स्थळ: दगा हिलाल, म्हणजे आमचे आबा. साठवणीचा काळ: अकरा वर्षं. गळती: किरकोळ, खोकताना. खाली अटी. नोंदलेलं स्थळ मिलला काढून टाकता येणार नाही. परवानगीशिवाय सुरतेबाहेर नेता येणार नाही. साठा कमी होईल असा कोणताही उपाय करता येणार नाही. एवढं लिहून साहेबांनी फळीवरची अडुळशाची बाटली उचलली आणि जप्तीची पावती दिली. खरंच गं, पावती आहे माझ्याकडे.

घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाची सही लागत होती. माय अंगठा लावते, म्हणून पेन माझ्या हातात. मी आबांकडे बघितलं. आबा खूश! ‘अकरा वरीस कोळसा टाकला पोरी, कोणी कायम केलं नाही. आज एक साहेब लिहून देतोय की मला काढता येत नाही. कर सही.’

मी केली.

बाहेर तोवर रांग लागली होती. भट्टीवरचे सगळे खोकत उभे. ज्याला खोकला नव्हता तो निंबा बिडी शोधायला पळाला. तुझे पप्पा तिसरे होते. तू गावाला, तुझ्या घरात वाचणारं कोणी नाही, म्हणून पप्पांनीच, आमच्या बळीरामकाकांनी, हाक मारली, ‘हर्षदा, ये बेटा, उज्ज्वलाच्या जागी तू कर.’ मग तीही केली.

आता पुढचं ऐक, आणि उठू नकोस. मला काही ते बघवेना. मी दुसरी बाटली आणली, तू बसलीयस त्याच गाठीत लपवली, आणि रोज दोन वेळा चमचा-चमचा दोघांनाही. आबांना आणि काकांना. चार दिवसांत दोघं शांत झोपायला लागले. मला वाटलं, मी काय हुशार!

आणि काल दिल्लीवाले आले.

पाच जण, गळ्यात कॅमेरे, दारात साहेब. ‘आ अमारो स्टोरेज,’ म्हणून आबांना पुढे केलं. आबा ताठ उभे. आबा खोकलेच नाहीत. जोर लावला, छाती ठोकली, नुसता घसा खाकरला. दिल्लीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबांच्या कपाळाला घाम. मेताजी माझ्या कानात म्हणाले, ‘पोरी, संध्याकाळपर्यंत सील.’ आबांनी माझ्याकडे बघितलं ना उज्ज्वले, त्यांना कळलं होतं बाटलीचं. रागावले नाहीत. नुसतं बघितलं.

मी बाहेर गेले. शेगडी पेटलेलीच होती. तिच्यात ओला कोळसा टाकला, ती खिडकीखाली सरकवली, आणि पुठ्ठ्यानं वारा घातला आत. सगळा धूर आबांच्या तोंडावर.

आबा खोकले. काय खोकले! दिल्लीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. रुमाल घेऊन गेले सोबत, नमुना म्हणून. नंतर आबा डोळे पुसत म्हणाले, ‘वारा जरा जास्तच घातलास.’ आणि आज सकाळी गेले कामावर, डबा घेऊन, रोजच्यासारखे.

हो, सांगते ना. आमच्यानंतर ते तुमच्याच दारात गेले. बळीरामकाका उभे राहिले. तेही ठणठणीत, माझ्याच चमच्यानं. सगळे वाट बघतायत. तुझी आई माझ्याकडे बघतेय. आणि शेगडी माझ्या हातात, गरम.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तू इथे असतीस, तर तू काय केलं असतंस?