रामरावांच्या तळटिपा

रामरावांच्या प्रेमकथांना तळटिपा असत. नायिका म्हणाली, 'अगंबाई, भाजी करपली!' की त्यावर बारीक आकडा, आणि पानाखाली आधार: 'सौ. वत्सला, स्वयंपाकघर, रविवार सकाळ.'

कानडी मुलखात, राजाजीनगरला ते आमच्या समोर राहत. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर कथा लिहू लागले.

"कुलकर्णी, दुसऱ्याचं वाक्य आधार न देता वापरणं म्हणजे चोरी."

"अहो, कथेत कल्पना चालते!"

"स्वल्प चालते. संवादात नाही."

आतून वत्सलाक्का करवादत, "या घरात तोंड उघडायची सोय नाही! कालचं भांडणसुद्धा छापायला गेलंय!"

रामराव लगेच पेन्सिल काढत. "पुन्हा म्हण. सावकाश."

मग वत्सलाक्का गेल्या. वर्षभर रामरावांनी कागदाला हात लावला नाही. नंतर एकदा मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कथा घेऊन आले. संपादक मी होतो.

"यातलं बोलणं सगळं तिचं आहे. तिचं नाव मात्र फक्त टिपांत. तेवढ्या सांभाळा."

मी मान डोलावली. पुढे पानं वाढली, तेव्हा टिपा सरसकट उडवल्या. वाचल्याही नाहीत. उलट, कथा सुटसुटीत झाली म्हणून स्वतःवर खूश होतो.

अंक निघाला त्या दिवशी ते आले. पानं पुढंमागं उलटत म्हणाले, "कुलकर्णी, हिचं नाव कुठंच नाही?"

"प्रेसमधल्या जुळणीवाल्यानं घोळ केला," मी म्हणालो. "इतकं बजावलं होतं त्याला!"

त्यांनी अंक मिटला. मग "सरी, बरं" म्हणून उठले.

ते गेल्यावर मी हस्तलिखित काढलं. शेवटच्या पानावर नायिका म्हणते, 'तुम्ही जेवून घ्या, माझं काही खरं नाही.' खाली टीप: 'वत्सला, हॉस्पिटल, बुधवार दुपार. यापुढील साधने उपलब्ध नाहीत.'

दुसऱ्या दिवशी रामराव पुन्हा दारात. हातात उघडं पत्र, त्या जुळणीवाल्यासाठी. 'चूक कोणाच्याही हातून होते. मनाला लावून घेऊ नका. मालक रागावले तर मला सांगा, मी बोलेन.'

"त्याला मराठी वाचता येतं ना?" त्यांनी विचारलं. "नाहीतर तुम्ही वाचून दाखवा. बिचाऱ्याची नोकरी जायला नको."

आठवड्यानं बसस्टॉपवर भेटले.

"दिलंत पत्र?"

"दिलं." पत्र माझ्याच खिशात होतं.

"काय म्हणाला?"

"रडला."

तेवढंच मी त्यांना खरं सांगितलं.