अप्पांची जागा

‘उलाळणे’चा अर्थ मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी त्या सकाळीही म्हणाले होते. बैलगाडीत मागचा भार वाढला की पुढचं जू वर उचललं जातं आणि सामान मागे घसरतं. गाडी उलाळते. अवसरीच्या कॉलेजात मी हेच मुलांना आकृती काढून शिकवते.

अप्पांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. त्यांचे धाकटे भाऊ बहिरूकाका म्हणत होते, मुलगा नाही, तर विधी पुतण्याने, गोरखने करावा. मी मात्र आईला शब्द दिला होता. नैवेद्य अप्पांच्याच गाडीतून भाताच्या खाचरावर नेईन आणि मीच ठेवीन.

गाडी अप्पा भरायचे तशीच भरली. मधे भाताचं पातेलं. मागे, खिरीचं पातेलं मांडीवर घेऊन, अप्पांची बहीण लंकाआत्या. पुढे भरदार अप्पा बसायचे, ती जागा रिकामी ठेवली. तिथे बसायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कासरा धरून मी चालू लागले.

ओढ्याच्या चढावर जू वर गेलं.

मागून चालत येणारे काडीसारखे काका धावत येऊन जुवाला लोंबकळले. गाडी खाली आली नाही, काकाच वर गेले.

“उतरा, काका,” बैलांच्या गळ्याखालचे पट्टे सोडत मी म्हणाले.

“कुठं उतरू? खाली जमीन न्हाई.”

तेवढ्यात आत्या, मांडी न मोडता, सावकाश मागे घसरत गवतात जाऊन बसली. खीर हलली नाही. भाताचं पातेलं मागोमाग येऊन तिच्या शेजारी टेकलं. मग हलकी झालेली गाडी काकांसकट खाली आली.

“तरी म्हनलं व्हतं, गोरखला करू दे,” काका म्हणाले.

“गोरखनं काय केलं असतं?” आत्या गवतातून म्हणाली. “गाडी बराबर भरलीय. पुढं अप्पा न्हाई.”

मी बैल पुन्हा जुवाखाली आणले.

सामान पुन्हा चढवलं. आत्या मागेच बसली. काका पुढे बसले, तरी जू तरंगतच होतं. त्यांनी शेजारची फळी हाताने झाडली.

“ये. तुझ्या बापाच्या जागी दोघं लागतोय आपन.”

मी बसले. जू बैलांच्या मानेवर टेकलं, जेमतेम.

खाचरावर नैवेद्य मी ठेवला. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. पानं मांडली, तेव्हा आत्याने माझ्या पानाकडे पाहिलं. अप्पा गेल्यापासून मी अर्धपोटीच उठते, हे ती वर्षभर पाहत आली होती.

“पोरी, आज तरी पोटभर जेव. मीबी जेवनार हाय, आन जाताना मागंच बसनार.”

मी खीर दोनदा घेतली.