सगळ्या पानांवरची ओळ

नरहरराव पुराणिकांना एकच धास्ती होती. गेल्या वर्षी कीर्तनाला अकरा माणसं होती, तीही पेटी-तबलेवाल्यांना धरून. यंदा तसंच झालं तर कीर्तन बंद, असं महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष प्रभाकर दिघे यांनी सांगूनच टाकलं होतं. त्यात यंदा कीर्तनाला ग्वाल्हेरच्या नामवंत कीर्तनकार इंदुमतीताई येणार.

नरहरराव टाउनशिपच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, आता मंडळाचे चिटणीस. मंडळाची वेबसाइट त्यांच्या सुनेनं, कांचननं बनवली होती. तिनं सांगितलं, की सूचना पानापानावर लिहायला नको. एका सामाईक जागी लिहिली की सगळ्या पानांवर आपोआप उमटते.

"म्हणजे टाकी एक आणि नळ घरोघरी."

"बिलकुल, बाबा. म्हणून टाकीत काय टाकताय ते बघा हं."

नरहररावांनी बघूनच टाकलं: 'शनिवारी सायंकाळी सहा वाजता, मंडळाचे सभागृह. सहकुटुंब यावे.' कीर्तनाचा उल्लेख केला नाही. चाळीस वर्षं तिथे दरवर्षी या शनिवारी सहाला कीर्तनाशिवाय दुसरं काही झालंच नव्हतं; देवळावर 'आत देव आहे' अशी पाटी कोण लावतं?

शनिवारी पावणेसहालाच सभागृह भरलं. नरहररावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या बाईंनी हळूच विचारलं, "मुलगा कोणता हो?"

वधू-वरांच्या पानावर प्रत्येक स्थळाखाली तीच ओळ होती. तक्रारींच्या पानावरही होती, त्यामुळे सी-सेक्टरवाले नळाला पाणी नसल्याचा पुरावा म्हणून रिकाम्या बादल्या घेऊन आले होते. खुद्द दिघे हरवले-सापडले पान वाचून आपला चष्मा न्यायला आले होते.

कांचननं कपाळाला हात लावला. "बाबा, आता यांना खरं सांगावं लागेल."

नरहररावांनी आधी इंदुमतीताईंना सांगितलं. त्या हसल्या, नरहररावांच्या कपाळी बुक्का लावला आणि उभ्या राहिल्या. बादल्यांकडे बघत पूर्वरंगात भगीरथाची गंगा आणली, पहिल्या रांगेसाठी उत्तररंगात रुक्मिणीचं लग्न लावलं. एक माणूस उठला नाही. दिघ्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी ते डोळे पुसत होते. आरतीला बादल्याच वाजल्या.

प्रसाद वाटताना दिघे म्हणाले, "पुराणिक, पुढच्या वर्षी दोन दिवस ठेवू."

निघताना इंदुमतीताईंनी नरहररावांना बाजूला घेतलं. "आमच्याकडेही हल्ली माणसं येत नाहीत हो. ती ओळ जरा कागदावर लिहून देता?"