चुकांभोवती लाल गोल

आमच्या शेजारचे भामरे रोज सकाळी दारात रांगोळी काढतात आणि काढून झाली, की तिच्यातल्या चुकांभोवती लाल रंगाचे गोल काढतात. चूक पुसत नाहीत, उलट मिरवतात. त्यामुळे इंदिरानगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर नवीन पाहुणा आला, की त्याला आधी वाटतं इथं कुणीतरी उतारा टाकलाय.

मला या माणसाचा संताप येतो, सरळ सांगतो. आमची दारं समोरासमोर. मधला पॅसेज दोघांचा, पण भामऱ्यांचे ठिपके माझ्या पायपुसण्यापर्यंत येतात. ऑफिसला निघताना मी उडी मारून लिफ्ट गाठतो, तरी मागून ओरडा येतोच, "पाय! पाय! काय शे हे?" मूळचे सटाण्याकडचे, डोकं तापलं की अहिराणी वर येते.

हा माणूस आयुष्यभर अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. केसाएवढा फरक दिसला तरी माल बाद. बाद मालाला लाल खूण करून टेबलावर ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. ती पद्धत यांनी घरी आणली. "चूक झाकली की पोसली जाते. दिसली की उद्या सुधारते," हे मला रोज ऐकवतात. अहो, कुठली सुधारते! पाडव्याला काढलेला मोर सोललेल्या कोंबडीसारखा होता. मी तसं तोंडावर म्हटलं. त्यांनी अख्ख्या मोराभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, "उद्या परत."

संतापाचं खरं कारण वेगळंच होतं. पूर्वी ही रांगोळी कुसुमकाकू काढायच्या, म्हणजे भामऱ्यांच्या पत्नी. त्यांची रेघ बघायला वरच्या मजल्यावरचे लोक लिफ्ट सोडून जिन्यानं उतरायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. डाव्या हातानं काहीतरी करत राहा, असं व्यायाम घ्यायला येणारी बाई जीव तोडून सांगायची. काकू म्हणायच्या, "वाकडी काढण्यापेक्षा न काढलेली बरी." आणि खिडकीशी बसून राहायच्या. कशाला हात लावायच्या नाहीत. अशा बाईच्या दारात रोज हा धिंगाणा! याला निर्लज्जपणा म्हणतात, असं मी माझ्या बायकोला सांगूनच टाकलं होतं.

परवा माझे सासरे त्या रांगोळीवरून घसरता घसरता वाचले आणि माझं डोकं फिरलं.

"भामरेकाका, पुरे झालं! येत नाही तर सोडून द्या ना!"

"येत नाही म्हणूनच काढतो," ते गुरकावले. "तुम्ही काय पोटातून शिकून आलात?"

मी आणखी बोलणार, तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. दारात काकू उभ्या, चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता माझी खैर नाही.

"अहो, ही मोराची मान आहे की नळाची तोटी? ठिपकेसुद्धा धड देता येत नाहीत? सरका!"

भिंतीला धरून त्या बुटक्या स्टुलावर बसल्या. डाव्या हाताच्या चिमटीत रांगोळी घेतली. रेघ निघाली ती भरकटलीच, भामऱ्यांच्या रेघेपेक्षाही वाकडी. पुसायला त्यांनी हात नेला, तो मध्येच थांबला. मग चरफडत त्यांनी शेजारी दुसरी ओढली.

भामरे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. 

"वर्षभर ही माझ्यावर एकदाही चिडली नव्हती हो," ते हळूच म्हणाले. "भाजी करपली, चहा पाणचट झाला, तरी नुसतं 'बरं'. लय भ्यायलो होतो मी."

"तिकडं काय गप्पा ठोकताय? ठिपके कोण देणार, शेजारी?" काकू कडाडल्या.

"आलो, आलो!"

मी दार लावून घेतलं. बाहेर काकू त्यांना चांगलंच झापत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या दमून थांबल्या, की भामरे विचारत होते, "आणखी काय चुकलं माझं? सांग ना."