गोधडीत उडवलेलं मांजर

ऑर्फा स्टिडहमनं ठरवलं होतं, की यंदा आपल्या भाचीचं लग्न जमवायचं, आणि ते मांजराकडून जमवून घ्यायचं. माणसांकडून नऊ वर्षं प्रयत्न करून झाले होते.

योजनेत खोट काढायला जागाच नव्हती. गुरुवारी चर्चच्या तळघरात गोधडी पुरी होणार होती. सायझमोरांचं घर जळालं, त्यांच्यासाठी चौघी मैत्रिणींनी सहा आठवडे खपून शिवलेली. प्रत्येकीनं आपल्या जुन्या झग्यांचे तुकडे दिले होते आणि एकेका चौकोनात रंगीत दोऱ्यानं आपलं नाव भरलं होतं. अशी नवी गोधडी ताणून शिवायच्या लाकडी चौकटीवरून उतरली, की तिच्या मधोमध मांजर ठेवायचं, चारी कोपरे धरून जोरात हिसडा द्यायचा. मांजर उडतं, खाली पडतं, आणि जिच्याकडं पळतं तिचं वर्षाच्या आत लग्न होतं. हे केंटकीच्या डोंगरात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचा यावर विश्वास नाही तेसुद्धा आपल्या मुलींना कोपरा धरायला पाठवतात.

आता मांजरानं कुणाकडं पळावं हे देवाच्या हातात. पण देवाच्या हाताला थोडी डुकराची चरबी लावली तर?

सकाळी ऑर्फानं बेकन तळलं, तव्यातली चरबी चिंधीत बांधून घेतली, सगळ्यांच्या आधी तळघरात पोचली, आणि खिळ्याला टांगलेल्या भाचीच्या, आयडेलच्या एप्रनला, खालच्या काठाला, बोटांनी चोळचोळून लावली. चांगली मुरवून. दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. डागसुद्धा दिसत नव्हता.

तुम्ही विचाराल, मग हात कुठं धुतले?

हा प्रश्न ऑर्फालाही पडला. पण दुपारी तीन वाजता.

*

(मध्येच हे एक ठिगळ लावायला हवं, नाहीतर पुढचं अंगावर नीट बसणार नाही.)

चौकटीभोवती सुई चालते तसं तोंड चालतं. एकजण गोष्टीचा तुकडा टाकते, दुसरी त्याला दुसरा जोडते. सकाळी ज्या गोष्टीत एक चोरीला गेलेली कोंबडी असते, तिच्यात संध्याकाळपर्यंत पूर, पळून गेलेली नवरी आणि लाकडी पायाचा न्यायाधीश आलेला असतो. हे सगळं बेमालूम जोडायचं काम ऑर्फाचं. बाकीच्या तुकडे आणतात, ती गोधडी करते. बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून तिच्या घरात बोलणारं फक्त घड्याळ होतं, आणि तेही मागं पडायचं. पुन्हा लग्नाचं मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं. पलंगावर तिरकं झोपण्यातलं सुख तिला उशिरा कळलं होतं, आणि ते ती सोडणार नव्हती. तिला हवा होता फक्त गुरुवार.

आणि गुरुवार डेल्फियाआजींच्या हातात होता. वय चौऱ्याऐंशी, बोटात शिवणाचं पितळी अंगुस्तान, नियम एकच: गोष्टीत खोटं चालेल, टाक्यात चालणार नाही. नऊ वर्षांपूर्वी मर्टलनं एक शिवण मशीनवर मारून हाताची म्हणून खपवली. आजींनी बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "मर्टल, तुझी खुर्ची घरी ने." मर्टल अजून गुरुवारी चर्चच्या वरच्या मजल्यावर एकटी बसते आणि फरशीला कान लावते, असं म्हणतात.

मांजराचा कौल टाक्यात मोडतो, गोष्टीत नाही; त्यात लबाडी चालत नाही. हे लक्षात ठेवा.

*

तीन वाजता गोधडी उतरली. एक कोपरा आयडेलनं धरला, एक ऑर्फानं, एक आजींनी. कोपरा बिननवऱ्याच्या बाईनं धरायचा; ऑर्फा आणि आजी विधवा, म्हणजे नियमात बसत होत्या. चौथा कोपरा चौघींतल्या उरलेल्या लर्लीनला द्यावा लागला. तिचा नवरा बर्ल चांगला धडधाकट होता.

आजींनी पाद्रीबुवांचं पिवळं मांजर गोधडीत ठेवलं आणि त्याला बजावलं, "हिच्याकडं जाऊ नकोस. हिचं झालंय."

"माझी ना नाही हं, आजी," लर्लीन म्हणाली. "त्याला वाटलं तर येऊ दे."

"मावशी, मला हे नको," आयडेल म्हणाली. ती सदतीस वर्षांची, पोस्टात कामाला, आणि तिच्या मते पूर्ण सुखी होती. "मी मागच्या वेळीही सांगितलं होतं."

"तू फक्त उभी राहा," ऑर्फा म्हणाली. "एप्रन खाली सोडून. गोळा करू नकोस."

"का?"

"हवा लागते."

हिसडा. मांजर छतापर्यंत गेलं, तिथं क्षणभर सगळ्यांकडं अत्यंत तिरस्कारानं पाहिलं आणि खाली आलं. नाक वर केलं. आयडेलच्या एप्रनकडं तीन पावलं गेलं. तिथं मांजरानं हुंगलं, विचार केला, वळलं, आणि गोधडीवरून सरळ चालत ऑर्फाच्या अंगावर चढून तिची बोटं चाटायला लागलं.

एकेक बोट. निगुतीनं.

तेव्हा ऑर्फाला तो हात धुण्याचा प्रश्न पडला.

"अगं बाई," लर्लीन म्हणाली.

"मी चौऱ्याऐंशी वर्षांत मांजर पळालेलं पाहिलंय," आजी सावकाश म्हणाल्या. "चावलेलं पाहिलंय. एकदा बाळंत झालेलंही पाहिलंय. बोटं चाटताना नाही पाहिलं."

"म्हणजे काय, आजी?"

"म्हणजे वर्ष कुठलं लागतंय. महिन्याच्या आत."

ऑर्फानं तोंड उघडलं. 'चरबी आहे' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण डोळ्यांसमोर खुर्ची उचलून जिना चढणारी मर्टल आली, आणि ऑर्फानं तोंड मिटलं.

आयडेलनं एप्रनचा काठ नाकाशी नेऊन हुंगला. तिनं तो पुन्हा खाली सोडला.

*

लर्लीनचा तुकडा:

"एल्झी नेपियर! दुसरं कोण असणार? उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं हिच्या परसात खेचर घालून नांगरून दिलं नव्हतं?"

"तो सगळ्यांचं नांगरतो," ऑर्फा म्हणाली.

"पण तुझ्याकडं टोपी काढली होती. मी रस्त्यावरून पाहिलं."

"ऊन होतं, लर्लीन."

"ऊन होतं तर टोपी घालतात माणसं."

आजींचा तुकडा, लहान पण जाड:

"त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली. स्वतः धुतो. वाळत घातलेले कपडे पाहिलेत मी. पुरुष पांढरे कपडे वेगळे धुवायला लागला, की त्याच्या मनात काहीतरी असतं."

पुन्हा लर्लीन:

"आणि मग म्हणे तो खेचर घेऊन मंगळवारी भर दुपारी परत आला, आणि कुंपणाशी उभा राहून..."

इथं ऑर्फाचं चुकलं. आधीचं सगळं निस्तरता आलं असतं. पण गोष्ट फार वाईट चालली होती. सुगरणीच्या समोर कुणी रस्सा करपवावा, तसं तिला व्हायला लागलं. मंगळवार! भर दुपार! आणि मागणी घालायला खेचर!

"दुपारी कशाला?" तिच्या तोंडून निघालं. "दुपारी माणूस घामेजलेला असतो. तिन्हीसांजेला यायला हवा. खेचर नको. हातात टोपली, टोपलीत रानातली पिकलेली पपॉची फळं. पाच-सात. वर ओलं फडकं. आणि काही बोलायचं नाही. टोपली पायरीवर ठेवायची आणि जायचं. फाटकापाशी एकदा थांबायचं."

लर्लीननं खुर्ची पुढं ओढली.

"फाटकापाशी थांबला?" लर्लीननं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मी म्हणतेय, गोष्टीत," ऑर्फा म्हणाली. "गोष्टीत थांबायला हवा."

"हो, हो," आजी म्हणाल्या. "गोष्टीतच." आणि त्यांनी डोळे पुसले.

*

पुढचा आठवडा थोडक्यात, कारण ऑर्फालाही तो थोडक्यातच कळला.

लर्लीननं बर्लला सांगितलं. बर्लनं दुकानात सांगितलं. शनिवारी पाद्रीबुवांनी ऑर्फाला विचारलं की समारंभ चर्चमध्ये की अंगणात. रविवारी एका बाईनं तिला दोन उशांचे अभ्रे दिले, कडेला टाके घातलेले, आणि कानात म्हणाली, "फाटकापाशी थांबला ते ऐकून मी रात्रभर रडले." सोमवारी ऑर्फा पलंगावर तिरकी झोपली, पण मजा आली नाही.

त्या काळात एल्झी नेपियर कुठंच दिसला नाही.

तो दिसला गुरुवारी. तळघराच्या दारात. दाढी केलेली, गालावर दोन ठिकाणी कापलेलं, टोपी हातात. चौकटीवर नवीन गोधडीचं अस्तर ताणलेलं होतं. चौघींच्या सुया हवेत राहिल्या.

"ऑर्फाबाई," एल्झी म्हणाला, "मला जरा बोलायचंय. सगळ्यांसमोरच बोलतो, म्हणजे नंतर कमी-जास्त व्हायला नको."

लर्लीननं ऑर्फाचा गुडघा दाबला.

"मी तुमच्याकडं पपॉ घेऊन आलो होतो असं मला कळलं," एल्झी म्हणाला. "पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. पण दुकानात सगळ्यांना ठाऊक. पाद्रीबुवांना ठाऊक. आणि इतकं बारीक ठाऊक. ओलं फडकं वगैरे. माझ्याकडं तसं फडकं आहे, ऑर्फाबाई. मी घरी जाऊन पाहिलं. ओलं होतं."

लर्लीननं ऑर्फाचा गुडघा आणखी जोरात दाबला.

"मला काही आठवत नाही. माझे वडीलही शेवटी असेच झाले होते, गाय दोनदा विकली त्यांनी. म्हणून डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, आणि लग्नाबद्दल अभिनंदन." त्यानं टोपी एकदा फिरवली. "तर सांगायचं असं, की मी आलो असेन तर माफ करा. मी मागणी घातली असेल तर ती परत घेतो. ज्याला आपण काल कुठं होतो ते सांगता येत नाही, त्यानं कुणाच्या गळ्यात पडू नये."

तर असं झालं. बासष्टाव्या वर्षी, मैत्रिणींच्या देखत, जो तिला नकोच होता, त्यानं तिला नकार दिला.

ऑर्फा सुटली होती. नुसती मान खाली घालायची, एक उसासा टाकायचा. मागणी रद्द, गुरुवार शाबूत. पण एल्झी तिथंच उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. नांगराच्या सरळ रेघेइतका सरळ माणूस, तिच्या एका सुंदर वाक्यापायी स्वतःच्या डोक्यावर संशय घेत होता. 'फाटकापाशी थांबला' हे तिनं आजवर जोडलेलं सर्वांत चांगलं ठिगळ होतं. त्यात आता माणूस शिवला गेला होता.

तिनं सुई खाली ठेवली.

"तुमचं डोकं चांगलं आहे, एल्झी," ती म्हणाली. "तुम्ही आला नव्हतात. पपॉ मी घातली. गोष्टीत. आणि आजी, आता ऐका. मांजर खोटं होतं. मी आयडेलच्या एप्रनला चरबी लावली होती, आणि हात धुवायला विसरले. मी खुर्ची घेते आणि वर जाते."

वरच्या मजल्यावर काहीतरी फरशीवर सरकलं.

आजींनी अंगुस्तान काढलं.

"पोरी," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला मोकळं करायला स्वतःवर एवढा मोठा डाग घेतेस?"

"आजी, खरंच चरबी होती."

"मी नऊ वर्षं एकीला वर बसवलंय," आजी म्हणाल्या. "लबाडी कशी दिसते मला कळतं. ही लबाडी नाही. हा त्याग आहे."

"लर्लीन, तू तरी..."

"गोष्ट उत्तम आहे गं," लर्लीन नाक पुसत म्हणाली. "फक्त चरबीचं काढून टाक. ते नाही पटत. तू आणि हात धुवायला विसरशील?"

ऑर्फा भाचीकडं वळली. "आयडेल, तू हुंगलं होतंस. मी पाहिलं. सांग ना यांना. वास येत होता की नाही?"

आयडेलनं दोरा दातानं तोडला, सुईत ओवला आणि गाठ मारली. नऊ वर्षांत मावशीनं तिला दाखवलेले सात उमेदवार त्या गाठीत होते.

"मला तर कसलाच वास आला नाही, मावशी," ती म्हणाली.

एल्झी अजून दारातच उभा होता. टोपी फिरायची थांबली होती.

"ऑर्फाबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्यासाठी आजवर कुणी एवढं खोटं बोललेलं नाही. मी मागणी परत घेतो म्हटलं, ते परत घेतो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. रविवारी दुपारी येऊ का?"

"रविवारी दुपारी?" ऑर्फा म्हणाली. "रविवारी दुपारी कोण येतं? अख्खं गाव रस्त्यावर असतं. शनिवारी या. दिवे लागायच्या वेळी. आणि पुढच्या दारानं नको, मागच्या दारानं, तिथं..."

तीन सुया थांबल्या होत्या. चौथी तिनं केव्हाच खाली ठेवली होती.

"मागच्या दारानं," लर्लीन पुटपुटली. "आजी, हे आधीच्यापेक्षा छान आहे."